थकलेल्या आईसाठी इंग्रजी शब्द कसा निवडावा

"आई हल्ली फार थकली आहे." हे वाक्य मराठी घरात कुणी उच्चारले, तर त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आईचे वय झाले आहे, अंगातली शक्ती ओसरली आहे, पूर्वीसारखे तिच्याच्याने काही होत नाही, आणि सांगणाऱ्याला त्याचे वाईट वाटते आहे, एवढे सगळे त्या एका क्रियापदात मावते. गिरगावातल्या आमच्या चाळीत एका शेजारणीने आईसाठी घरी येणारी परिचारिका मिळावी म्हणून इंग्रजीत अर्ज लिहिला आणि 'थकली' साठी 'टायर्ड' हा शब्द घातला. समोरून विचारणा आली की थकवा किती दिवसांपासून आहे आणि विश्रांती घेतल्यावर तो जातो का. विचारणाऱ्याची काही चूक नव्हती, कारण 'टायर्ड' झालेला माणूस रात्रीची झोप लागली की सकाळी ताजा होतो, आणि शेजारणीची आई ८४ वर्षांची होती.

अर्ज, दाखल्यांसोबतची पत्रे, डॉक्टरांना द्यायच्या टिपा असे इंग्रजी लेखन मी बरीच वर्षे लोकांना करून देते आहे. त्या अनुभवावरून सांगते की म्हातारपण आणि अशक्तपणा यांच्यासाठी असलेले इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शब्दकोशात ते एकाच ओळीत, स्वल्पविरामांनी जोडून दिलेले असतात, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. शब्द निवडण्यापूर्वी मराठी वाक्य क्षणभर बाजूला ठेवावे आणि स्वतःला विचारावे की नेमके काय उतरणीला लागले आहे: स्नायूंची ताकद, आजारपण सोसण्याची शरीराची एकूण क्षमता, चालणे-फिरणे, की बुद्धी? जे गेले ते औषधपाण्याने भरून येण्यासारखे आहे का? आणि हा कागद कोण वाचणार आहे? हा शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात, पण पुष्कळदा शब्द त्यावरच ठरतो.

'वीक' हा या घरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत ढिला शब्द आहे. त्याला वयाची अट नाही. डेंग्यूतून उठलेला पंचवीस वर्षांचा मुलगाही वीक असतो, चहा वीक असतो, गणित वीक असते आणि वकिलाचा मुद्दाही वीक असतो. मुंबईत तर 'वीकनेस आलाय' हे आता मराठीच झाले आहे. मात्र डॉक्टरांच्या लेखी 'वीकनेस' म्हणजे स्नायूची ताकद कमी होणे, आणि ती मोजण्यासाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची ० ते ५ अशी श्रेणी वापरतात: ० म्हणजे स्नायू मुळीच आकुंचन पावत नाही, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलता येतो पण त्यावर दाब दिला तर टिकत नाही, आणि ५ म्हणजे ताकद पूर्ण. म्हणून 'आईला वीकनेस आहे' असे लिहिण्याऐवजी तो कुठे आहे ते लिहावे. उजव्या हातात आहे की दोन्ही पायांत, हळूहळू आला की एकाएकी? एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो, आणि त्या वेळी शब्द शोधत न बसता रुग्णालय गाठायचे असते. सगळे शरीरच गळून गेले आहे, काही करावेसेच वाटत नाही, अशी तक्रार असेल तर डॉक्टर तिला 'फटीग' म्हणतात. डॉक्टरला या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

'डेबिलिटेटेड' या शब्दामागे नेहमी एखादे कारण उभे असते. दीर्घ आजाराने, उपासमारीने किंवा एखाद्या उपचाराने माणसाची शक्ती काढून घेतली, असा त्याचा रोख आहे, त्यामुळे कशाने डेबिलिटेटेड झाले ते त्याच वाक्यात सांगावे. जुन्या चिठ्ठ्यांवर दिसणारे 'जनरल डेबिलिटी' हे निदान कारण न सांगताच थांबते, म्हणून आजच्या अर्जात त्याचा फारसा उपयोग होत नाही. आपल्या 'खंगणे' मध्ये अंगावरचे मांस झडणे अभिप्रेत असते. तिथे 'इमॅशिएटेड' हाच शब्द जवळचा.

'फीबल' बद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण तो सभ्य दिसतो आणि म्हणून लोक तो निर्धास्त वापरतात. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'फ्लेबिलिस' हा शब्द आहे, ज्याचा अर्थ रडू यावे असा, कींव यावी असा. ती कींव शब्दातून अजून गेलेली नाही. माणसाकडून जे बाहेर पडते आणि पोहोचता पोहोचता विरून जाते त्याला हा शब्द छान बसतो, जसे क्षीण आवाज, मंद नाडी, मिणमिणता दिवा किंवा उठण्याचा अर्धवट प्रयत्न. पण कींव करता करता तुच्छतेकडे घसरायला वेळ लागत नाही. 'फीबल एक्स्क्यूज' म्हणजे लंगडी सबब. ब्रिटनमध्ये १९१३ च्या कायद्याने 'फीबल-माइंडेड', म्हणजे दुबळ्या बुद्धीचा, हा शब्द माणसांच्या एका वर्गाला अधिकृतपणे चिकटवला होता, आणि त्या वर्गातल्या लोकांना संस्थांमध्ये ठेवण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. त्याच कायद्यातला दुसरा वर्ग 'इम्बिसाइल' होता. आज ती 'मूर्ख' या अर्थाची शिवी आहे, आणि त्या शब्दाचा लॅटिनमधला अर्थही मुळात 'दुबळा' एवढाच होता. शरीराच्या दुबळेपणाचा शब्द बुद्धीवर आणि तिथून शिवीवर कसा जातो, हे या दोन शब्दांत सरळ दिसते. वडिलांचा आवाज फीबल झाला आहे असे खुशाल लिहावे, पण वडील फीबल झाले आहेत असे लिहू नये.

'फ्रेल' आणि 'फ्रॅजाइल' या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही लॅटिनमधल्या 'फ्रॅजिलिस' पासून, म्हणजे मोडण्याच्या क्रियेपासून आल्या. एक फ्रेंचमधून झिजत इंग्रजीत आली, तर दुसरी बरीचशी मूळ रूपात. पार्सलवर 'फ्रॅजाइल' लिहितात, 'फ्रेल' कधीच लिहीत नाहीत. काचेच्या बांगड्यांचा खोका फ्रॅजाइल असतो, कारण तो पडला तर फुटेल, पण पडेपर्यंत त्याला काहीही झालेले नसते. फ्रेल म्हणजे ज्याची आतली शिल्लकच कमी होत आली आहे असा माणूस. शेजारणीच्या आईला जिना चढताना मी रोज पाहते. डावा हात लाकडी कठड्यावर, उजव्या हातात पिशवी असली तर ती आधी वरच्या पायरीवर ठेवायची, मग एक पाय वर, दुसरा पाय त्याच पायरीवर, क्षणभर थांबायचे, मग पुन्हा पिशवी. त्यांना कोणताही मोठा आजार नाही, कालचे-परवाचे सगळे आठवते, वाण्याचा हिशोब तोंडी असतो. पण साध्या तापाने त्या पंधरा दिवस अंथरूण धरतात आणि उठल्या की आधीपेक्षा दोन पायऱ्या खाली आलेल्या असतात. या अवस्थेचे इंग्रजी नाव 'फ्रेल' असे आहे. शिल्लक कमी असल्यामुळे छोटा धक्काही मोठा ठरतो, हा त्या शब्दाचा गाभा.

वैद्यकशास्त्राने या शब्दाला मोजमापही दिले आहे. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पाच खुणा मांडल्या: न ठरवता वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड कमजोर होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे. त्यांतल्या तीन किंवा अधिक असतील तर ती व्यक्ती फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. म्हणून डॉक्टर, परिचारिका किंवा परदेशातले रुग्णालय वाचणार असेल, तर 'फ्रेल' हा शब्द त्यांच्यापर्यंत नेमकी माहिती पोहोचवतो, आणि तो अपमानकारक तर मुळीच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मात्र केवळ फ्रेल म्हणून भागत नाही. तिथे 'बेडरिडन' हे स्पष्ट सांगावे, नाहीतर येणारी परिचारिका एकटीच येईल आणि उचलायला दुसरे माणूस नसेल.

याच ठिकाणी आपला 'नाजूक' आडवा येतो. मराठी वर्तमानपत्रात 'प्रकृती नाजूक' असे छापून येते तेव्हा माणूस जीवन-मरणाच्या सीमेवर असतो, आणि इंग्रजीत त्याला 'क्रिटिकल' म्हणतात. तिथे 'डेलिकेट' लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की बाईंना सर्दी लवकर होते. 'डेलिकेट' म्हणजे लहानपणापासून प्रकृतीने जपून राहावे लागणारा, आणि जुन्या इंग्रजीत 'डेलिकेट कंडिशन' हा शब्दप्रयोग गर्भारपणासाठी आडवळणाने वापरत. एका पुतण्याने काकांच्या आजारपणाचे कारण देऊन रजा मागताना हा शब्द वापरला आणि त्याला दोनच दिवसांची रजा मिळाली. काका अतिदक्षता विभागात होते.

'इन्फर्म' हा शब्द घरात बोलायचा नाही, तो कागदावरचा आहे. जे घट्ट, स्थिर राहिलेले नाही ते इन्फर्म, म्हणजे वयामुळे किंवा जुन्या व्याधीमुळे ज्याचे रोजचे हिंडणे-फिरणे अडले आहे असा माणूस. 'ओल्ड अँड इन्फर्म' ही जोडी इंग्रजी अर्जांत ठरलेली आहे. कायद्यातही त्याला वजन आहे: अजामीनपात्र गुन्ह्यात जामिनाचा विचार करताना 'सिक ऑर इन्फर्म' व्यक्तीला सवलत देता येते, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये ती आहे. वकिलाकडे जाणाऱ्या टिपणात म्हणून 'वीक' चालत नाही. इन्फर्म आणि दिव्यांग यांचीही सरमिसळ करू नये. दिव्यांगत्वासाठी २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात २१ प्रकार दिलेले आहेत, आणि त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते.

मुंबईत राहणाऱ्याला 'डिक्रेपिट' आणि 'डिलॅपिडेटेड' यांतला फरक वेगळा शिकवावा लागू नये, तरी तो चुकतो. 'डिलॅपिडेटेड' च्या पोटात लॅटिनमधला 'दगड' हा शब्द आहे. त्यामुळे तो इमारतींना, भिंतींना, फार तर एखाद्या जुन्या गाडीला लागतो, माणसाला कधीही लागत नाही. म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची यादी जाहीर करते, आणि महापालिका तपासणीनंतर ज्या इमारतीला 'सी-१' वर्गात टाकते ती रिकामी करून पाडायची असते. अशा इमारतीविषयी इंग्रजीत लिहिताना भावनेसाठी 'डिलॅपिडेटेड' लिहायला हरकत नाही, पण सरकारी पत्रव्यवहारात वर्गाचे नावच लिहावे, कारण प्लास्टर निघालेली इमारतही डिलॅपिडेटेड असते आणि खांब खचलेलीही. 'डिक्रेपिट' च्या मुळाशी करकरण्याचा आवाज आहे. तो माणसाला आणि वस्तूला दोघांनाही लागतो, पण माणसाला लावला की त्याचा अर्थ होतो जराजर्जर, मोडून गेलेला, वापरून संपलेला. एखाद्या मुलाने आपल्या आजोबांबद्दल हा शब्द प्रेमाने लिहिलेला मी पाहिला आहे आणि मी तो खोडला आहे. लाकडी जिन्याला तो द्यावा. करकरणाऱ्या खुर्चीला 'रिकेटी' म्हणतात. तो शब्द मुडदूस या रोगाच्या इंग्रजी नावावरून आला आहे.

आता 'सीनाइल'. या एका शब्दाने एका कुटुंबाला जो त्रास झाला, तो आठवला की अजून माझा संताप होतो. दादरला राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी, ७८ वर्षांच्या वडिलांचा हात कापतो आणि सही जुळत नाही म्हणून बँकेला पत्र लिहिले. 'सीनियर' पेक्षा भारदस्त वाटला म्हणून त्यांनी वडिलांना 'सीनाइल सिटिझन' म्हटले. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा माणूस यापासूनच आले आहेत, त्यामुळे गैरसमज होणे अगदी समजण्यासारखे आहे. पण 'सीनाइल' म्हणजे वयामुळे बुद्धी भ्रमिष्ट झालेला, आपण 'म्हातारचळ' म्हणतो तसे. बँकेने मानसिक स्थिती ठीक असल्याचा वैद्यकीय दाखला मागितला आणि तो मिळेपर्यंत पैसे काढू दिले नाहीत. दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन खात्यात अडकले. वडील रोज शब्दकोडे सोडवत होते. एका फोनवर उलगडा झाला असता, तो कुणी केला नाही, हे खरे. तरीही सुरुवात त्या शब्दानेच झाली होती. अशा पत्रात 'एल्डर्ली' लिहावे आणि 'हँड ट्रेमर' मुळे सही बदलते, एवढे स्वच्छ सांगावे. सही करू न शकणाऱ्या ग्राहकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत 'ओल्ड', 'सिक' आणि 'इनकपॅसिटेटेड' हे शब्द आहेत, साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय आहे. त्याच शब्दांना धरून अर्ज करावा.

खरोखरच स्मृती जात असेल, तरी 'सीनाइल' लिहू नये. 'डिमेन्शिया' हे निदान असेल तर तसे लिहावे, निदान झालेले नसेल तर 'मेमरी लॉस' किंवा काय विसरतात ते लिहावे. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आहेच, पण साठीनंतर बुद्धी नाठी होणे हा वयाचा नियम नसून ते आजाराचे लक्षण असू शकते. इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरांनी १९०९ मध्ये 'जेरियाट्रिक्स' हा शब्द घडवला, तो बालरोगशास्त्राप्रमाणे म्हाताऱ्यांच्या आजारांचेही वेगळे शास्त्र हवे, याच आग्रहातून. त्या शाखेचे विशेषण म्हणून 'जेरियाट्रिक वॉर्ड' बरोबर आहे. माणसाला 'जेरियाट्रिक' म्हटले की ती हेटाळणी होते.

नुसत्या वयासाठी काय वापरावे? 'ओल्ड' मध्ये वाईट काही नाही, पण अर्जात तो उघडावाघडा वाटतो. 'एल्डर्ली' विशेषण म्हणून विनयशील आहे, जसे 'अॅन एल्डर्ली कपल'. मात्र 'द एल्डर्ली' असा सगळ्यांचा गठ्ठा बांधणे आता संशोधनपर लेखनात टाळतात आणि 'ओल्डर अडल्ट्स' किंवा 'ओल्डर पर्सन्स' म्हणतात. संयुक्त राष्ट्रे १ ऑक्टोबरचा दिवस 'ओल्डर पर्सन्स' याच नावाने पाळतात. 'सीनियर सिटिझन' ही आपल्याकडे कायद्याची संज्ञा आहे: २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या कायद्यात ती ६० वर्षांपासून लागू होते, प्राप्तिकरात ६० ला ज्येष्ठ आणि ८० ला अतिज्येष्ठ, तर एसटीत ६५ पासून अर्धे तिकीट आणि ७५ पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास. म्हणजे एकच मनुष्य एका खिडकीवर सीनियर असतो आणि दुसऱ्या खिडकीवर नसतो. त्यामुळे या शब्दाशेजारी जन्मतारीख लिहावीच. 'एज्ड' चे उच्चार दोन आहेत. वय सांगताना 'एज्ड सेव्हंटी', आणि फार म्हातारा या अर्थाने 'एजिड'. 'ओल्ड एज्ड पीपल' हा आपल्याकडचा प्रयोग दोन शब्द एकत्र कोंबल्यामुळे झालेला आहे, तो सोडून द्यावा. मराठीतला 'ज्येष्ठ पत्रकार' इंग्रजीत 'एल्डर्ली' होत नाही. तिथे अनुभवाचा मान आहे, म्हणून 'सीनियर' किंवा 'व्हेटरन'.

'वृद्धापकाळाने निधन' या आपल्या ठरलेल्या ओळीचे इंग्रजी करताना 'डाइड ऑफ ओल्ड एज' हे निधनवार्तेत चालते. मृत्यूच्या दाखल्याबाबत मात्र डॉक्टरांनी लिहिलेले कारणच तसेच्या तसे घ्यावे, स्वतःचा शब्द घालू नये. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत 'सिनिलिटी' हे आर ५४ या क्रमांकाखाली आहे आणि तिथे त्यात शरीराचा दुबळेपणाही येतो. त्यामुळे दाखल्यावर तो शब्द दिसला तर आजोबांना वेडे ठरवले असे समजून वाद घालायला जाऊ नये. अकराव्या आवृत्तीत सुरुवातीला 'ओल्ड एज' असे लिहिले होते, पण म्हातारपण हा काही रोग नव्हे असा आक्षेप आल्यावर तेही बदलून वयासोबत येणारी क्षमतेची घट अशा अर्थाची शब्दयोजना केली गेली.

शेजारणीचा अर्ज आम्ही तिच्या आईच्या खाटेशी बसून पुन्हा लिहिला. वर सांगितलेले प्रश्न आईंनाच विचारले. हातापायांत जोर कमी आहे का, तर हो, पण दोन्हीकडे सारखाच. आठवणीचे काय, तर त्यांनी परिचारिकेला द्यायच्या पैशांचा दर आधीच विचारून ठेवला होता. मग लिहिले: 'माय मदर इज एटी-फोर अँड फ्रेल. हर माइंड इज क्लिअर. शी वॉक्स विथ सपोर्ट, टेक्स टू रेस्ट्स ऑन द स्टेअर्स टू द थर्ड फ्लोअर, अँड कॅनॉट बेद अलोन.' जिन्यावर दोनदा थांबते आणि एकटीने आंघोळ करता येत नाही, ही दोन वाक्ये आईंनी स्वतः सांगितली. शेजारणीने ती लिहिताना थोडा वेळ पेन थांबवले होते. तिसऱ्या दिवशी परिचारिका आली, आणि आंघोळीसाठी बसायचा स्टूल घरात आहे का, हे तिने दारातच विचारले. परदेशातल्या भावाला त्याच संध्याकाळी जे पत्र गेले ते मराठीत होते आणि त्यात 'आई थकली आहे' एवढेच होते.